बोट, चेहरा की चावी: चाकणच्या एका कंपनीत पासवर्ड काढायचं ठरलं तेव्हा

चाकण एमआयडीसीतली एक कंपनी, गाड्यांसाठी मशीनिंगचे पार्ट बनवते, नाव सांगत नाही. कॉम्प्युटरवर लॉगिन असलेली माणसं अडीच-तीनशे. त्यातले साधारण निम्मे ऑफिसात, प्रत्येकाला स्वतःचा लॅपटॉप. बाकीचे शॉपफ्लोअर, स्टोअर आणि क्वालिटीत, जिथे एकाच पीसीवर तीन शिफ्टची माणसं येऊन एन्ट्री करतात, आणि थोडे सेल्स-सर्व्हिसवाले जे कायम बाहेर, आज साणंद तर उद्या होसूर. मेल आणि फाइल्स मायक्रोसॉफ्ट ३६५ वर, ईआरपी, म्हणजे स्टॉक-खरेदी-हिशेबाचं सॉफ्टवेअर, मात्र कंपनीतल्याच सर्व्हरवर. मी त्यांचं आयटीचं काम बाहेरून बघतो. आत दोन पोरं आहेत, हुशार आहेत पण त्यांचा दिवस प्रिंटर आणि पासवर्ड रिसेट यातच जायचा.

सुरुवात झाली अकाउंट्सच्या एका मेलबॉक्सवरून. मॅडमना नेहमीच्या सप्लायरच्या नावाने एक लिंक आली, उघडलेलं पान हुबेहूब मायक्रोसॉफ्टच्या लॉगिनसारखं, त्यांनी पासवर्ड टाकला, मोबाईलवर आलेला ओटीपी टाकला आणि ते पान मधल्यामध्ये हे सगळं खऱ्या साइटला पाठवत होतं, त्यामुळे चोराला थेट लॉगिन झालेलं चालू सेशनच मिळालं. नंतर तो काही दिवस नुसता मेल वाचत बसला असणार, कारण एका मोठ्या कस्टमरला त्याने पाठवलेला "आमचं बँक खातं बदललंय" हा मेल अगदी बरोबर इन्व्हॉइस नंबर टाकून, मॅडमच्याच भाषेत लिहिलेला होता. तिकडच्या अकाउंटंटने खात्री करायला फोन केला म्हणून पैसे वाचले. असा प्रकार झाला की सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला, सहा तासांच्या आत कळवायचं असतं, २०२२ पासून तसे निर्देश आहेत, हे कंपनीत कोणाच्या गावीही नव्हतं, पण ते जाऊ दे.

मालकांचा पहिला प्रश्न होता, "अहो, ओटीपी आहे ना आपल्याकडे, मग कसं काय?" प्रश्न रास्त होता. ओटीपी हा माणूस वाचून टाइप करतो, आणि जे टाइप करता येतं ते खोट्या पानावरही टाइप होतं. मोबाईलवर ॲपची सूचना येते आणि आपण "हो" दाबतो, त्याचंही तसंच. उबरमध्ये २०२२ च्या सप्टेंबरात एका माणसाला अशा सूचना पाठवून पाठवून इतकं हैराण केलं की शेवटी त्याने "हो" दाबलं. त्यानंतर स्क्रीनवरचा आकडा ॲपमध्ये टाकायची पद्धत सर्रास झाली, त्याने हे हैराण करणं थांबतं, पण खोटं पान मध्ये बसलेलं असेल तर तेच तो आकडाही दाखवतं.

त्याच सुमारास दोन गोष्टी जुळून आल्या. एका जर्मन कस्टमरने टिसॅक्सच्या, म्हणजे गाड्यांच्या धंद्यातल्या माहिती-सुरक्षेच्या ऑडिटचा विषय काढला, त्यात लॉगिन कसं करता हे विचारतातच. आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपणार होता, बऱ्याच जुन्या लॅपटॉपमध्ये विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० चिप (गुप्त चाव्या सांभाळणारी) नव्हती, म्हणजे नवीन मशीन घ्यावीच लागणार होती. खर्च तसाही होणारच होता, तर मग लॉगिनचं पण एकदाच करून टाकू असं ठरलं. बोटाने किंवा चेहऱ्याने लॉगिन, पासवर्ड बंद. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि मग मालक म्हणाले, "गेटवर तोंड दाखवलं की हजेरी लागते. तेच कॉम्प्युटरला लावा की. माणसांची नोंदणी झालेलीच आहे."

खरं सांगतो, संपूर्ण प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ या एका वाक्यावर गेला. कारण ते वाक्य चुकीचं वाटतच नाही. हजेरी मशीनचा व्हेंडर तर दुसऱ्याच दिवशी कोटेशन घेऊन हजर, म्हणे सर्व्हरवर सगळ्यांचे चेहरे आणि बोटं आहेतच, आम्ही आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक पीसीवर टाकतो, लॉगिनला आमचा स्कॅनर, मॅच झालं की विंडोज उघडतं, नवीन नोंदणीची कटकट नाही, आणि पैसेही बाकी सगळ्या पर्यायांपेक्षा कमी.

मी त्याला एकच विचारलं, मॅच झाल्यावर विंडोजला नेमकं काय देता? थोडं इकडचं तिकडचं झाल्यावर कळलं की सॉफ्टवेअर प्रत्येकाचा पासवर्ड स्वतःकडे साठवतं आणि मॅच झालं की तो मागच्या मागे टाकतं. म्हणजे पासवर्ड आहे तिथेच, फक्त आता तो माणसाऐवजी सॉफ्टवेअर टाइप करणार. अकाउंट्सच्या मॅडमनी घरून ब्राउझरमध्ये मेल उघडला तर तिथे परत तोच पासवर्ड, तोच ओटीपी, आणि आलं परत खोटं पान.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सगळ्यांच्या बोटांचे आणि चेहऱ्यांचे ठसे एकाच सर्व्हरवर, एचआरच्या कोपऱ्यातल्या पीसीवर, ज्याचा ॲडमिन पासवर्ड कंपनीत निदान चार जणांना माहीत. २०१९ मध्ये बायोस्टार २ नावाच्या दार-हजेरीच्या सिस्टिमचा डेटाबेस संशोधकांना इंटरनेटवर उघडा सापडला होता, त्यात दहा लाखांवर लोकांच्या बोटांचे ठसे होते. अमेरिकन सरकारच्या कर्मचाऱ्यांचा डेटा फुटला २०१५ मध्ये, तिथे छप्पन्न लाख लोकांचे ठसे गेले. पासवर्ड गेला तर बदलू, बोट कुठून बदलणार? आणि कायद्याचं म्हणाल तर बायोमेट्रिक हा २०११ च्या आयटी नियमांपासूनच संवेदनशील डेटा आहे, वर २०२३ च्या डीपीडीपी (वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या) कायद्यात डेटा नीट सांभाळला नाही तर दंड अडीचशे कोटींपर्यंत. हा आकडा ऐकल्यावर मालक व्हेंडरला म्हणाले, "हजेरीचंच बघा तुम्ही."

इथून पुढे निवडीचा निकष बदलला. आधी चर्चा "बोट चांगलं की चेहरा" अशी होती, आता पहिला प्रश्न ठसा राहतो कुठे आणि दुसरा खऱ्या साइटला नेमकं काय जातं. फिडो नावाची पासवर्डशिवाय लॉगिनची पद्धत आहे, तिच्यात दोन्हीची उत्तरं चांगली आहेत. नोंदणी करताना मशीनमध्ये एक गुप्त चावी तयार होते, ती टीपीएम चिपमध्ये किंवा पेन ड्राइव्हएवढ्या यूएसबी कीमध्ये राहते, बाहेर पडत नाही, सर्व्हरकडे जाते ती फक्त तिची जोडीदार सार्वजनिक चावी. लॉगिन करताना सर्व्हर एक आव्हान पाठवतो, मशीन त्यावर सही करून परत देतं. तुमचं बोट किंवा चेहरा फक्त ती सही करायची परवानगी देतो, तेही मशीनच्या आतल्या आत, ठसा कुठेच पाठवला जात नाही. आणि ती चावी साइटच्या पत्त्याला बांधलेली असते, त्यामुळे पान कितीही हुबेहूब असलं तरी पत्ता वेगळा म्हणजे सही होतच नाही. माणसाने फसायचं ठरवलं तरी फसता येत नाही.

हे पटवायला मी क्लाउडफ्लेअर या इंटरनेट-सुरक्षेच्या कंपनीचं उदाहरण दिलं. २०२२ च्या जुलैत त्यांच्या निदान शहात्तर कर्मचाऱ्यांना खोट्या लॉगिनचे एसएमएस आले, तिघांनी पासवर्ड टाकलाही, पण पुढे फिडोची की लागत होती आणि ती खोट्या पानावर चालली नाही. त्याच सुमारास तशाच हल्ल्यात ट्विलिओ ही एसएमएस सेवा देणारी कंपनी मात्र फुटली. गुगलने पण २०१८ मध्ये सांगितलं होतं की पंच्याऐंशी हजारांवर कर्मचाऱ्यांना की दिल्यापासून एकाचंही ऑफिसचं अकाउंट फिशिंगने गेलेलं नाही.

ऑफिसवाल्यांसाठी निवड सोपी होती. विंडोज हॅलो फॉर बिझनेस, विंडोजमध्येच आहे, नवीन लॅपटॉपला बोटाचा सेन्सर आणि इन्फ्रारेड कॅमेरा दोन्ही. साधा वेबकॅम असून चालत नाही, विंडोजचा चेहरा-लॉगिन इन्फ्रारेड कॅमेऱ्यावरच चालतो, त्यामुळे स्वस्तातला लॅपटॉप घेताना "कॅमेरा आहे" एवढ्यावर जाऊ नका. बोटाच्या सेन्सरबद्दल २०२३ मध्ये ब्लॅकविंगच्या संशोधकांनी डेल, लेनोवो आणि मायक्रोसॉफ्टच्या तीन लॅपटॉपवर तो चुकवून दाखवला होता, त्यातल्या दोघांत सेन्सर आणि विंडोजमधलं बोलणं सुरक्षित ठेवणारा प्रोटोकॉल चालूच नव्हता. लॅपटॉप हातात असल्याशिवाय असला हल्ला होत नाही, म्हणून आम्ही बोटाचा पर्याय सोडला नाही, पण परचेस ऑर्डरमध्ये तो प्रोटोकॉल चालू हवा ही अट मात्र लिहून घेतली.

भांडण झालं ते पिनवरून. हॅलोमध्ये बोट किंवा चेहऱ्याआधी पिन ठेवावाच लागतो, आणि क्वालिटीचे मॅनेजर उखडलेच, "दहा अक्षरांचा पासवर्ड काढून सहा आकडी पिन देताय, ही प्रगती का?" ऐकायला बरोबर वाटतं. पण पिन त्या एका लॅपटॉपच्या बाहेर कामाचाच नाही, तो कुठे पाठवला जात नाही, आणि चुकीचा टाकत राहिलात तर टीपीएम चिप दार बंद करते. पासवर्ड मात्र रशियात बसलेला माणूसही टाकून बघू शकतो. त्यांना पटायला वेळ लागला, मधल्या काळात ते स्वतःच्या पिनला "तुमचा तो एटीएम" म्हणायचे.

आणखी एक गंमत म्हणजे ज्यांच्याकडे मोठा मॉनिटर आणि डॉक आहे त्यांचे लॅपटॉप झाकण लावून टेबलाच्या कडेला पडलेले असतात, मग कॅमेराही आत आणि बोटाचा सेन्सरही आत. ही माणसं दिवसभर पिनच टाकतात. आधी वाटलं बाहेरून लावायचे सेन्सर घेऊ, मग सोडून दिलं. चावी चिपमध्येच आहे, ती पिनने उघडली काय आणि बोटाने काय, खोट्या पानाला त्याने फरक पडत नाही. प्रत्येकाची दोन बोटं नोंदवून घेतली, दोन हातांची एकेक, कारण पावसाळ्यात ओल्या बोटाला सेन्सर ओळखत नाही, आणि कापलेल्या बोटाला पट्टी असली की तर नाहीच.

शॉपफ्लोअरला हे सगळं गडगडलं.

पहिलं कारण तांत्रिक. एका विंडोज मशीनवर हॅलोची नोंदणी दहाच जणांची होते, आणि आमच्या प्रॉडक्शन एन्ट्रीच्या पीसीवर तीन शिफ्ट मिळून त्याच्या दुपटीने माणसं. मोबाईलमधली पासकी, म्हणजे फोनमधली अशीच फिडोची चावी, वापरायची तर आत मोबाईलच नेता येत नाही, कस्टमरची ड्रॉइंग्ज असतात, गेटवरच्या कप्प्यात फोन ठेवून जावं लागतं. राहिली यूएसबी की. त्यात बोटाचा सेन्सर असलेलीही मिळते, साध्या कीच्या जवळपास तिप्पट किमतीला. मालकांना तीच हवी होती, बायोमेट्रिक म्हटलं होतं ना.

एक बोटाची की ट्रायलला आणून मी ग्राइंडिंगच्या शेडमध्ये गेलो. तिथले एक काका, नोकरीची बरीच वर्षं त्याच मशीनवर गेलेली, त्यांनी अंगठा ठेवला, दिवा लाल. परत ठेवला, लाल. शर्टाला घासून ठेवला, लाल. मी त्यांचा हात धरून बघितला तर अंगठ्यावर रेषा अशा उरल्याच नव्हत्या, नुसतं चकचकीत झालेलं कातडं आणि कूलंटचा वास. काका हसून म्हणाले, "साहेब, रेशनच्या दुकानात पण माझं हेच होतं. तिथे आता बायकोच जाते अंगठा द्यायला." तीनदा बोट चुकलं की ती की तसाही पिनच मागते. मग तिप्पट पैसे देऊन पिनच टाकायचा असेल तर साधी की काय वाईट?

तर शॉपफ्लोअरला साधी फिडो की आणि पिन, बायोमेट्रिक नाहीच. मालकांना हे सांगताना थोडं अवघड गेलं कारण प्रोजेक्टचं नावच "बायोमेट्रिक लॉगिन" पडलं होतं. पण खोटं पान अडवायचं काम की आणि पिनही तेवढंच करतात, आणि कंपनीत सगळ्यात जास्त हाताने काम करणाऱ्या माणसाला त्याच्याच हातामुळे लॉगिन होत नाही हे मला स्वतःला पटण्यासारखं नव्हतं.

बारीकसारीक अडचणी इथेच जास्त निघाल्या. शेडमधले पीसी धुळीपासून वाचवायला लोखंडी कपाटात बंद, यूएसबी पोर्ट आत, मग एक्स्टेंशन केबल बाहेर काढून फ्रेमला बसवली. पेन ड्राइव्ह बंद असल्यामुळे की चालणार नाही असं सगळ्यांना वाटत होतं, पण की मशीनला कीबोर्डसारखी दिसते, स्टोरेज बंद ठेवूनही चालते. की विकत घेताना एका डीलरने स्वस्तात जुना स्टॉक देऊ केला होता. यूबिको या की बनवणाऱ्या कंपनीच्या ५ सिरीजमध्ये ५.७ च्या आधीच्या फर्मवेअरला २०२४ मध्ये एक कमतरता सापडली होती आणि कीचं फर्मवेअर नंतर अपडेट करता येत नाही. त्या हल्ल्यालाही की हातात लागते आणि महागडी उपकरणं लागतात, तरी नवीनच घ्यायची असेल तर जुना माल कशाला घ्या, परत पाठवला.

अकाउंट्सवाल्यांना की समजावायची गरजच पडली नाही. "हे डीएससीचं डोंगल आहे का?" मॅडमनी बघताक्षणी विचारलं. डिजिटल सहीचं ते यूएसबी डोंगल, जवळपास तसंच. पण तोच अनुभव अंगाशी पण येतो, कारण डीएससीच्या डोंगलचं आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना माहितीय, ते सीएच्या ड्रॉवरमध्ये असतं आणि त्यावर पिनचं स्टिकर. स्टोअरमधल्या एका कीवर आठवड्याभरात असं स्टिकर दिसलंच. सुपरवायझरने ते काढलं, पिन बदलून घेतला, आणि की आयकार्डच्या दोरीला अडकवायचा नियम केला. की पीसीलाच लावून ठेवून घरी जाण्याचं प्रमाण त्यानंतर कमी झालं कारण गेटवर आयकार्ड लागतंच.

बाहेर फिरणाऱ्यांना लॅपटॉपवर हॅलो आणि शिवाय मोबाईलवर पासकी, मायक्रोसॉफ्टच्या ऑथेंटिकेटर ॲपमध्ये. त्याला अँड्रॉइड १४ किंवा आयओएस १७ लागतं, काहींचे फोन जुने निघाले, त्यांना दोन-दोन की दिल्या, एक बॅगेत एक घरी. पासकी गुगल किंवा ॲपलच्या वैयक्तिक खात्यात सिंक होणारी पण असते, ती सोयीची आहे, पण मग कंपनीची चावी पोराच्या जुन्या टॅबलेटवरही जाऊन बसू शकते, म्हणून त्या फोनमध्येच राहणारी घेतली. दुसऱ्याच्या मशीनवर लॉगिन करायचं तर क्यूआर स्कॅन करायचा आणि दोन्हीकडे ब्लूटूथ चालू हवं, हे ब्लूटूथ म्हणजे फोन खरोखर जवळ आहे याचा पुरावा असतो. हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या पीसीवरून मेल बघायची सवय असलेल्या एकाने यावर बरीच कुरकुर केली. करू दे.

आता ज्या भागाबद्दल कोणताच व्हेंडर बोलत नाही तो, म्हणजे चावी गेली तर आत यायचं कसं. एमजीएम रिसॉर्ट्स या अमेरिकन कॅसिनोवाल्यांचं २०२३ च्या सप्टेंबरात जे झालं ते हेल्पडेस्कला केलेल्या फोनवरून झालं, कोणीतरी कर्मचारी असल्याचं भासवलं आणि आत गेलं. तुमचं लॉगिन कितीही भारी असू दे, "दादा, माझा फोन हरवला, रिसेट करून दे" एवढ्यावर जर पोरगं पासवर्ड देत असेल तर तेच तुमचं खरं लॉगिन.

मायक्रोसॉफ्टमध्ये यासाठी टेम्पररी ॲक्सेस पास असतो, थोड्या वेळापुरता चालणारा, एकदाच वापरता येईल असाही ठेवता येतो. आम्ही एक तासाचा आणि एकदाच चालणारा ठेवला आणि नियम केला की तो फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर द्यायचा नाही. समोर येऊन आयकार्ड दाखवायचं, बाहेरगावी असेल तर व्हिडिओ कॉल आणि सोबत त्याचा मॅनेजर कॉलवर. नवीन जॉइन होणाऱ्यालाही याच पासने पहिली नोंदणी, त्यामुळे त्याला पासवर्ड असा कधी दिलाच जात नाही.

नियमाची परीक्षा लवकरच झाली. एका डायरेक्टरसाहेबांनी फोन बदलला, जुना मुलाला देऊन टाकला, आणि शनिवारी संध्याकाळी आयटीतल्या पोराला फोन, "मी क्लबवर आहे, पास पाठव लगेच." पोरगं म्हणालं, सर व्हिडिओ कॉल करतो. साहेब भडकले, मला ओळखत नाहीस का, वगैरे. पोराने दिला नाही. सोमवारी प्रकरण मालकांपर्यंत गेलं, आणि मालकांनी सगळ्यांसमोर पोराची बाजू घेतली. त्या दिवसानंतर पास मागायला कोणी फोनवर हुज्जत घातलेली मला तरी माहिती नाही.

सर्व्हिसच्या एका इंजिनिअरची लॅपटॉपची बॅग वापीजवळच्या ढाब्यावरून गेली, तेव्हा उलट सगळं शांतपणे पार पडलं. मोबाईलवर पासकी होती म्हणून मेल लगेच चालू, त्यानेच कळवलं, पोरांनी ते मशीन बंद केलं, डिस्क एन्क्रिप्ट होतीच, चावी चिपमध्ये अडकलेली. नवीन लॅपटॉपची नोंदणी फोनमधल्या पासकीनेच झाली.

शेवटचं पाऊल सगळ्यात कंटाळवाणं आणि तेच बऱ्याच ठिकाणी राहून जातं. बोटाने लॉगिन होतंय म्हणून लोक खूश होतात, पण जुना पासवर्ड आणि ओटीपी मागे चालूच असतो, म्हणजे खोटं पान अजूनही तोच मागणार आणि माणूस देणार. आम्ही आधी दोन्ही चालू ठेवून लॉग बघत होतो की कोण अजून पासवर्ड वापरतंय. त्यात एक जुना स्कॅनर निघाला जो पासवर्डने मेल पाठवायचा, एक रिपोर्टची स्क्रिप्ट निघाली जी सोडून गेलेल्या माणसाच्या नावाने चालत होती. ते निस्तरून मग डिपार्टमेंटवार कंडिशनल ॲक्सेसची पॉलिसी लावली, फिशिंगला दाद न देणारी पद्धत असेल तरच आत, त्याला मायक्रोसॉफ्टचं पी१ लायसन्स लागतं, ते बजेटमध्ये आधीच धरा. अकाउंट्सला सगळ्यात आधी लावली. आणीबाणीसाठी दोन ॲडमिन खाती वेगळी ठेवलीत, त्यांच्या की दोन वेगळ्या तिजोऱ्यांत, एक प्लांटमध्ये आणि एक मालकांच्या घरी.

ईआरपीचा पासवर्ड मात्र अजून आहे. जुनं व्हर्जन, स्वतःचं लॉगिन, बाहेरच्या ओळखीवर विश्वास ठेवायची सोयच नाही त्यात. तूर्तास ते कंपनीच्या नेटवर्कबाहेरून उघडत नाही आणि विंडोजला कीने लॉगिन केल्याशिवाय त्याचा आयकॉनही दिसत नाही. अपग्रेडचं कोटेशन आलंय, मालकांच्या टेबलावर आहे.